दाराची फट

बाबा पावसाळ्यात दार तासत नसत. मोहन्याच्या चाळीत ते सुतारकाम करायचे. कुणी दार अडकतंय म्हणून आलं, की चौकटीला खडू घासायचे, दार एकदा लावून उघडायचे आणि कडेवर जिथे खडू उठला असेल तिथेच रंध्याचे दोन हात मारायचे. "बाकी दिवाळीनंतर. आता लाकूड फुगलंय, खोटं माप सांगतंय," असं म्हणायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती भावंडांना सांभाळायला, पण दार आडवं टाकलं की दुसरं टोक धरायला मीच असायचे.

एवढं ठाऊक असून मागच्या श्रावणात मी गप्प बसले.

कोपरच्या आमच्या घरात एक हॉल, स्वयंपाकघर आणि आतली एक खोली. मुलाचं लग्न झालं तेव्हा खोली त्या दोघांना दिली आणि आम्ही हॉलमध्ये आलो. पावसात खोलीचं दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. खांदा लावल्याशिवाय बंद होईना, आणि झालं की शेजारच्यांना कळेल एवढा आवाज. सून बिचारी लाजायची. मुलाने मिस्त्री आणला. त्याच्याकडे विजेचा रंधा. त्याने खडूबिडू काही लावलं नाही. दार काढलं, आडवं टाकलं आणि वरपासून खालपर्यंत कड तासायला घेतली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आत-बाहेर करत राहिले. बस म्हण, आता तरी बस म्हण, असं मनात चाललेलं, पण परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. मुलाला खुणेने आत बोलावलं.

"अरे, वरचा कोपराच तेवढा घासतोय. सगळी कड नको तासू म्हणावं."

"आई, त्याचं रोजचं काम आहे ते. तू चहा टाक ना."

मी चहा टाकला. मिस्त्री म्हणाला, "मावशी, करंगळीने ढकला. बघा कसं लागतंय!" खरंच लागत होतं. मी मान हलवली.

दिवाळी गेली, हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं. कडी लावली तरी दार आणि चौकट यांच्यामधून पेन्सिल जाईल अशी फट. दिवाणावर बसलं की आतला आरसा दिसायचा. ह्यांनी दिवाण भिंतीकडे सरकवला, तरी दिसायचंच. सुनेने आतून ओढणी टांगली. मग कितीही उशीर झालेला असो, ती कपडे बदलायला बाथरूममध्ये जायला लागली. एके दिवशी मुलगा जेवताना म्हणाला, "खोपटला हिच्या ऑफिसजवळ भाड्याची खोली आहे. रविवारी बघून येतो."

जागा लहान आहे, जावंसं वाटणारच. पण त्या फटीमुळे जात असतील तर?

बाबांचा रंधा माळ्यावर होता. पातं गंजलेलं. पाणी टाकून दगडावर घासलं आणि आधी मोडक्या पाटावर हात बसवला. लाकडाच्या दुकानात बोलायला नको म्हणून माप चिठ्ठीवर लिहून नेलं. शनिवारी दोघं कामावर गेल्यावर दाराच्या कडेला पट्टी गोंद आणि बारीक खिळ्यांनी बसवली, खिळ्यांची डोकी आत ठोकली. त्या रात्री पट्टीमुळे दार पुरतं लागेना; "उद्या बसेल," एवढंच मी सांगितलं. रविवारी ती दोघं खोपटला गेल्यावर ह्यांच्याकडून दार उतरवून घेतलं.

"अगं, सुतारीण झालीस की काय!"

"होतेच. तुम्ही कधी विचारलंत?"

पट्टी अजून जाड होती. थोडी थोडी काढायची होती. चौकटीत आधी शिरणारी बाजू जरा उतरती ठेवायची, नाहीतर दार फिरताना तोच कोपरा घासतो. सारखं वाटत होतं, जास्त गेली तर? दोनदा टांगून पाहिलं, दोनदा उतरवलं. तेवढ्यात सून घराच्या दारात येऊन उभी; मुलगा मागून बाजार करून येणार होता.

"आई? हे तुम्ही करताय?"

"ते टोक धर. हलू देऊ नकोस."

पर्स खांद्यालाच ठेवून ती खाली बसली. खोपटच्या खोलीचं काय झालं, मी विचारलं नाही. शेवटी दोन पोस्टकार्डं जातील एवढीच जागा ठेवली, पावसात फुगायला. दार टांगलं. ती आत गेली. कडी लागली.

"आई, कुठे आहात?"

"दिवाणावर."

"मी दिसतेय?"

"नाही गं."

"आता?"

"नाही."

आत ती हसली. पण मग बराच वेळ बाहेर आली नाही, आणि मी रंध्यावरून बोटं फिरवत बसले.

दुसऱ्या दिवशी दाराची ती ओढणी धुऊन दोरीवर वाळत घातलेली होती. खोपटचा विषय अजून कुणी काढलेला नाही. मीही नाही. आता मृग जवळ आलाय. दोघं कामावर गेली की मी चौकटीला खडू घासते, दार लावून उघडते, आणि कडेवर कुठे पांढरं उठलंय का ते बघते.