मनीची गाडीतली खुर्ची

मी नि माझी म्हातारी, आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नव्या गोऱ्ह्याला जू शिकवायचं. मी मागं कासरा धरून, ती पुढं गवताची मूठ घेऊन. चार फेऱ्या झाल्या तशी म्हणाली, "आता सोडा त्याला." मी म्हटलं, चांगला चाललाय, अजून एक मारू. "चांगला चाललाय म्हणूनच सोडा. उधळल्यावर सोडलात तर उधळायलाच शिकंल." सोडला. संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. जीप शहापूरला पोचेपर्यंत ती गेली होती.

तेरावं झालं आणि सुरेशनं, माझ्या मुलानं, शेणव्याच्या घराला कुलूप घातलं. तो मुरबाडला कारखान्यात कामाला. "आबा, इथं एकटं बसून भिंतींशी बोलणार काय? चला." बैल पुतण्याच्या हवाली केले नि एसटीत बसलो. बसता बसता सांगून टाकलं, "तुझी पोरगी जरा मोठी होईपर्यंत येतो. मग मी मोकळा."

तुमच्यातले जे दुबईला, मुंबईला गेलात ते हसाल. हसा. शेणव्याहून मुरबाड तासाभराचं. पण उठल्यावर बैल नाय, अंगण नाय, चहात साखर जास्त झाली म्हणून ओरडणारं कोण नाय. तिथून किती का लांब असंना, लांबच.

सुरेशची मुलगी मनी तेव्हा आठ महिन्यांची. खर्डीला आजोळी झोळीत वाढलेली. इथं फ्लॅटला वर सगळा स्लॅब. वासा नाय, झोळी बांधायची कशाला? तिच्यासाठी जाळीचा छोटा पलंग आणलेला. त्यात ठेवली का धनुष्यासारखी ताठ व्हायची नि बिल्डिंग गोळा करायची. गाडीतल्या खुर्चीचं त्याहून वाईट. ती खुर्ची सुनेच्या भावानं दुबईहून पाठवलेली, पट्ट्याबिट्ट्यांची.

सून सुजाता शिक्षिका. शाळा शेणव्याच्या पुढं, शहापूरच्या बाजूला. जुनी गाडी घेतलेली, ती स्वतः चालवायची. मनी बाटली तोंडात धरत नव्हती, म्हणून उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर तिला रोज शाळेला न्यायची, नि सांभाळायला मी, असं ठरलेलं. सुट्टीत कुठं गाडीतनं निघालो का मी तिला मांडीवर घेऊन बसायचो. एकदा सरळगावजवळ म्हैस आडवी आली, सुजातानं ब्रेक मारला, मनी माझ्या हातातून सुटून पुढच्या सीटवर आपटली. कपाळावर टेंगूळ. सुजातानं गाडी बाजूला घेतली, पोरीला छातीशी धरलं नि म्हणाली, "यापुढं मांडीवर नाय. खुर्चीत बसली तर मी शाळेत जाणार, नायतर राजीनामा देणार." ती बोलते ते करते. तिची नोकरी आठ महिन्यांच्या पोरीच्या हातात गेली.

सुरेशची रीत सोपी. एकानं हात धरायचे, दुसऱ्यानं पट्टा लावायचा. मनी रडून काळीनिळी व्हायची, सुजाता पदरात तोंड घालून रडायची, नि सुरेश माझ्यावर ओरडायचा. मी एक दिवस म्हटलं, "ती खुर्ची वर घरात आण."

"घरात? आबा, ती गाडीची हाय."

"गोऱ्ह्याला पहिलं जू नांगरटीच्या दिवशी लावतात काय रे?"

सुजाता आतनं म्हणाली, "माझी पोरगी बैल हाय का?"

"बैल असता तर एव्हाना शिकला असता."

ती हसली. बरेच दिवसांनी कोणीतरी हसलं त्या घरात.

खुर्ची हॉलमध्ये ठेवली. मनी तिला धरून उभी राहायची, पट्टे चावायची. मग मी जवळ बसून तिला खुर्चीत ठेवायला लागलो, पट्ट्याविना, हातात लाकडी चमचा देऊन. हसत असतानाच उचलायचो. मग पट्टा. टक् वाजलं का मीपण तोंडानं टक् करायचो. माझी म्हातारी जे गोऱ्ह्याशी करायची तेच. माझं त्यात काय नव्हतं. आणि सगळं जमलंही नाय. दोनदा उचलायला उशीर झाला, मनी किंचाळली, पुढं तीन दिवस खुर्चीकडं बघेना.

पलंगाचंही तसंच. निजवून निघून जायचं नाय. पोटावर हात ठेवून बसायचो. अंगाई मला येत नाय, म्हणून शेतांची नावं सांगायचो. वरकस, खाचर, जांभळीखालचं, ओढ्याकाठचं. नावं संपायच्या आत ती झोपायची नाय, मग पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू मी हात उचलायला लागलो, नुसती नावं राहिली.

शाळा उघडली त्या दिवशी मनी खुर्चीत बसली, पट्टा लागला, गाडी निघाली. सरळगावच्या अलीकडं तिनं भोंगा काढला. सुजातानं गाडी हळू केली. "थांबू काय, आबा? काढू तिला?"

"चालव."

मनी रडली. मीपण घाबरलो. मग रस्त्याकडच्या म्हशी दिसल्या, तिनं रडता रडता मान वळवली, नि आपसूक गप्प झाली. शाळेच्या दारात पोचलो तेव्हा झोपलेली. सुजातानं माझ्या पायाला हात लावला नि पळत वर्गात गेली. घंटा झालेली.

घरी परतल्यावर सुरेश म्हणाला, "आबा, आता तुमी मोकळे. म्हणाल तेव्हा शेणव्याला सोडतो." पुतण्याचा निरोप होता: त्याच्या सुनेला दिवस गेलेत, त्याचं घर गळतं, आमचं बंदच आहे, पावसाळ्यापुरतं देता का.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना सुजाताला शेणव्यात गाडी थांबवायला सांगितली. कुलूप काढलं. आत कोंदट वास, कोपऱ्यात वाळवी. दोन्ही दारं उघडून झाडलं. पुतण्याची सून उंबऱ्यात येऊन उभी राहिली, तिच्या हातात चावी ठेवली. "पावसाळ्यापुरतं नाय, राहा. आज चूल पेटव. संध्याकाळी आमी परत जाऊ, तेव्हा कौलांवर धूर दिसला पाहिजे."

सुजातानं हॉर्न वाजवला. मी जाऊन मनीच्या शेजारी बसलो.