इंटरकूलरला घातलेला हार

प्राणरूपाने देहात आणि वेगरूपाने रस्त्यावर वावरणाऱ्या वायुदेवतेला, तसेच हातात हत्यार धरणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी उभ्या असलेल्या विश्वकर्म्याला वंदन करून हे लिहायला बसलो आहे. निमित्त उद्याच्या खंडेनवमीचे. देवघरासमोर झेंडूची टोपली आहे, सुईत दोरा ओवलेला आहे. पण पहिले फूल हातात घेतले की गेल्या वर्षीची खंडेनवमी आठवते आणि हात थांबतो.

चिंचवडच्या एका शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर या परिसरातल्या वर्कशॉपमध्ये पूजेला जाऊ लागलो. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रे थांबतात, धुतली-पुसली जातात, आणि लेथपासून पान्यापर्यंत प्रत्येकाला गंध-फूल मिळते. त्या दिवशी घातलेला हार दसरा उलटेपर्यंत कोणी काढत नाही, असा इथला रिवाज आहे. तो मीच अनेकांना सांगितलेला आहे.

माझी मुलगी चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. शिफ्ट संपली की ती जवळच्याच निघोजे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये जाते. जुनी घेतलेली टर्बोची एक गाडी तिने तिथे दोन वर्षे खपून, इंजिन स्वतःच्या हाताने उघडून बांधली आहे. घड्याळाविरुद्ध एकेकाने गाडी पळवायची, अशा बंद धावपट्टीवरच्या स्पर्धेत ती उतरते. हे मला आवडते असे मी म्हणणार नाही. मात्र तिने ते माझ्यापासून कधी लपवले नाही, हे मला आवडते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिची गाडी स्पर्धेच्या मधेच ओढेनाशी झाली. इंजिनातून खटखट आवाज आला आणि तिने गाडी कडेला घेतली. आणखी थोडे रेटले असते तर पिस्टन फुटला असता. घरी आल्यावर तिने मला कारण सांगितले.

"बाबा, टर्बो म्हणजे इंजिनाला जबरदस्तीने श्वास भरवणारा पंखा. हवा चेपली की तापते. तशी तापलेली हवा आत गेली की भडका वेळेआधी उडतो आणि इंजिन स्वतःलाच मारून घेतं. म्हणून मधे इंटरकूलर असतो. हवेचा रेडिएटरच म्हणा ना. माझ्या गाडीला कंपनीनं दिलेला फार लहान आहे."

म्हणून मोठा इंटरकूलर घ्यायचा ठरले, आणि घरात अस्वस्थता शिरली. विक्रेत्याने ओळखीखातर दोन नग पारखायला दिले होते. त्यातला एक दसऱ्यानंतरच्या शनिवारी परत जायचा होता. दिवाळीनंतर स्पर्धा होती. निवड चुकली तर दोन वर्षे घालून बांधलेले इंजिन जाणार होते, आणि ते पुन्हा बांधण्याचे बळ आपल्यात उरेल की नाही, असे ती एकदा पोळी लाटता लाटता बोलून गेली. पहिला नग हलका, पातळ नळ्यांचा होता. पाय दाबताच गाडी उत्तर देईल असा. पण तो लवकर तापेल, अशी शंका होती. दुसरा जाड पट्ट्यांचा आणि जड होता. तो सहसा तापणार नव्हता. पण त्याच्या मागे असलेल्या रेडिएटरचा वारा तो अडवणार आणि वळणावरून निघताना गाडी क्षणभर अडखळणार, असा अंदाज होता.

वर्कशॉपचे मालक निघोज्याचेच, जुन्या शेतकरी घरातले. जिथे त्यांच्या वडिलांचा गोठा होता तिथे आता त्यांची शेड आहे. त्यांचा कौल जड नगाला होता.

"ताई, म्हस आन शेळी, दोन्ही दूध देत्यात. पन घर म्हशीवर चालतं."

"मला घर नाही चालवायचं, गाडी पळवायचीय."

"मग बांधा शेळी. मागनं मला बोलायचं न्हाई."

असे ठरले की आधी हलका बसवायचा, दसऱ्याच्या सकाळी पळवून पाहायचा, नंतर जड, आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान ज्याचे कमी, तो ठेवायचा. जवळच्या एका बंद कारखान्याच्या आवारात लांब सरळ रस्ता होता. कारखान्याच्या मालकाने तो वापरायची परवानगी दिली होती.

खंडेनवमीला मी शेडमध्ये पूजेला गेलो तेव्हा मुलगी कामावर होती. गाडीचा पुढचा बंपर काढलेला होता आणि हलका इंटरकूलर नुकताच बसवला होता. त्याची चंदेरी पाती वहीच्या पानांसारखी एकाला एक लागून होती. मालक म्हणाले, "गुरुजी, नवा नग हाय. ह्यालाबी घाला हार."

मी टोपलीतला सर्वांत भरगच्च हार उचलला. लेकीचे काम होते ना! तो नगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा, दोन पदरी बांधला, उरलेली फुले फटींत खोचली, आणि हिची गाडी सुखरूप राहो म्हणून क्षणभर डोळे मिटले. संध्याकाळी मालकांनी बंपर चढवला. देवाचा हार काढायचा नाही म्हणून तो तसाच आत, जाळीमागे दिसेनासा राहिला.

दसऱ्याला ती चाचणीहून आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिसऱ्या फेरीलाच तापमान जुन्या लहान नगापेक्षाही वर गेले होते. तिने सोने दिले, पाया पडली आणि जेवता जेवता मोबाइलवरचे आकडे पाहत राहिली. त्यानंतर जड नग बसवला. तो थंड राहिला, पण वळणावर अडखळला. "चालेल," ती म्हणाली. "इंजिन तरी वाचेल." तिचे "चालेल" मी लहानपणापासून ओळखतो. नको असलेला फ्रॉक घेतानाही ती असेच म्हणत असे.

शुक्रवारी सकाळी ती चहा बशीत ओतून फुंकर घालत बसली होती. मी सहज विचारले, "जुन्यापेक्षा मोठा असूनही हलका त्याहून जास्त तापलाच कसा गं?"

"तेच कळत नाहीये. बाबा, हे सगळं समोरून लागणाऱ्या वाऱ्यावर आहे. बशीवर झाकण ठेवून फुंकर घातली तर चहा निवेल का? पात्यांवर नुसता कागद चिकटला तरी आकडा चढतो. पण समोर तर काहीच नव्हतं."

ती कामावर गेली. मी संध्येला बसलो आणि जपाची संख्या चुकली. पुन्हा आरंभ केला, पुन्हा चुकली. डोळ्यांसमोर तो दोन पदरी हार होता आणि फटींत खोचलेली ती फुले. बाल्कनीत गेलो, आत आलो, कालचेच वर्तमानपत्र उघडले. खरे सांगायचे तर हार आठवल्याबरोबर मी उठलो नाही. मनात आले: जड नगाने इंजिन वाचते आहे, वळणावर गाडी जरा मंद निघेल, तर बापाला आणखी काय हवे? देवानेच हा योग घडवला नसेल कशावरून? तास-दीड तास मी या विचाराला देवाचे नाव देत राहिलो. मग लक्षात आले की तिची चूक नसताना ती स्वतःच्या गणितात चूक शोधते आहे, आणि ती चूक माझ्या टोपलीतून गेलेली आहे. माझ्या भीतीला प्रसाद म्हणून तिच्या ओंजळीत घालण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, दुकानाचा माणूस नग न्यायला येणार होता. मी रिक्षा केली. मोशीच्या पुढे वाहने खोळंबली होती आणि दर दोन मिनिटांनी मी चालकाला "अजून किती?" असे विचारत होतो. शेवटी तो म्हणाला, "काका, दवाखान्यात कोण आहे का?" मी म्हणालो, "नाही. माझीच प्रकृती ठीक नाही." त्याने आरशातून एकदा पाहिले आणि दोन वाहनांच्या मधून रिक्षा पुढे घातली.

शेडमध्ये हलका नग खोक्यात भरून दोरीने बांधलेला होता. मी मालकांना विचारले, "हा काढताना हाराचे काय झाले होते?"

"हार कुठं राहिलाय गुरुजी! वाऱ्यानं पार चोथा झालता. पाकळ्या पात्यात बसल्या व्हत्या गच्च. मी ब्रशनं काढल्या आन जांभळीखाली ठिवल्या. देवाचं फूल, पायदळी नको."

"हे मुलीला सांगितले नाहीत?"

"आता फुलाचं काय सांगायचं?" ते म्हणाले आणि थांबले. हळूहळू त्यांचा हात कपाळावर गेला. "आयला! आपन शेळीच्या नाकातच कापूस घातला व्हय!"

मुलगी शिफ्ट संपवून आली तेव्हा मी उभा राहून सगळे सांगितले, तो तास-दीड तासही. ती हसेल असे वाटले होते. ती हसली नाही.

"बाबा, तीन दिवस मी माझे आकडे तपासतेय. मला वाटलं, मला यातलं काही कळतच नाही."

"चूक माझी आहे."

"हार घातलात ती चूक नाही हो. तो तुम्ही प्रेमानं घातला. आज सकाळचा तो वेळ मात्र..." एवढे बोलून तिने दोरी सोडली आणि मालकांकडे वळली. "दादा, बंपर काढा. उद्या दुकानवाला यायच्या आत पळवून बघू."

शनिवारी उजाडताच त्या रस्त्यावर मीही गेलो. बंपरच्या जाळीसमोर वाकून मी बोटाने प्रत्येक फट चाचपली. त्या दिवशीची माझी पूजा तेवढीच होती. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीनंतर तापमान चढे आणि परत येईपर्यंत उतरे. जड नगाइतका तो थंड राहिला नाही. पण तिच्या स्पर्धेत फेऱ्या तीनच, आणि मधे विश्रांती. ती खाली उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर "चालेल" नव्हते.

"हाच," ती म्हणाली.

"बांधा शेळी," मालक म्हणाले, आणि तेव्हा कुठे ती हसली.

दिवाळीनंतरच्या स्पर्धेत मी कठड्याला धरून उभा होतो. तिच्या तीनही फेऱ्या पूर्ण झाल्या, इंजिन शाबूत राहिले. कितवा क्रमांक आला ते मी विचारले नाही. तिने आपणहून सांगितला, पण तो माझ्या ध्यानात राहिला नाही. ती हेल्मेट काढून माझ्याकडे चालत येत होती, तेवढे मला पुरेसे होते.

उद्या शेडमध्ये जायचे आहे. तिच्या गाडीसाठी मी एकच फूल बाजूला काढले आहे. ते आत, काचेपाशी ठेवीन. पुढे काही बांधणार नाही.

वाचकहो, तुमच्या घरातले जे कोणी वेगाने पुढे निघाले आहे, त्याच्या समोरचा वारा मोकळा राहो. त्याच्यासाठी झुरणारी तुमची माया त्याच्या वाटेत न येता पाठीशी उभी राहो. आणि घराबाहेर पडलेले प्रत्येक माणूस संध्याकाळी तुमच्या उंबऱ्याशी सुखरूप परत येवो.