ऑपरेशनवर घातलेला आळ

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. मी — जो बारशाच्या जेवणातही माईक ओढून घेतो, देवळीतल्या माझ्या बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा श्रोते जास्त जमवतो — तो मी ही एक गोष्ट गिळून बसलोय. जरा जवळ सरका.

मला कंपवात आहे. हे गुपित नाही हं! उजवा हात थरथरतो आणि त्याचाही मी खेळ करतो. "साखर फक्त टाका, ढवळायचं काम आमच्याकडे!" लोक हसतात, हाताकडे बघतात. मला तेच हवं असतं. कारण पहिला गेला तो हात नव्हताच.

त्याच्या दोनेक वर्षं आधी — कसं सांगू? — बायकोजवळ गेलो की माझं शरीर साथ देईना. इच्छा होती, माया होती. पण नवऱ्याच्या अंगात जे आपसूक जागं व्हायचं, ते जागंच होईना. एकदा, दोनदा, मग नेहमीच.

त्याच सुमारास सुमनची, माझ्या बायकोची, गर्भपिशवी काढली होती. एका दुपारी पुन्हा तसंच झालं. ती घाबरून म्हणाली, "काऊन जी, माह्यं काही चुकलं काय?"

'मलाच समजत नाही' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मी काय म्हणालो? "पिशवी काढली तेव्हापासून असं होऊन राह्यलं. तुह्यात आता काही उरलं नाई."

ती उठली, पदर नीट केला आणि डाळ निवडायला बसली. पुढच्या आठवड्यात तिने आपली गादी मुलीच्या खोलीत नेली. मुलीला सांगितलं, बाबा घोरतात. म्हणजे मलाच सांभाळून घेतलं — कळतंय ना तुम्हाला?

मग हात सुरू झाला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी झोप, पोट असं विचारता विचारता तेही विचारलं. मी सुमनला पाणी आणायला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात नसा बिघडतात, कित्येक पुरुषांना हा त्रास हात थरथरण्याच्या आधीच सुरू होतो. बायकोचा यात काही दोष नाही. उपाय आहेत, पुढच्या वेळी दोघं बोलायला या. ती बाटली घेऊन आत आली, तेव्हा मी डॉक्टरांना बैलबाजारातला किस्सा सांगत होतो. रंगवून!

त्याला तीन वर्षं झाली. आम्ही दोघं तसे बोलायला कधी गेलो नाही.

इतकंच असतं तर कदाचित आजही गप्प राहिलो असतो. पण वडनेरला सुमनची धाकटी बहीण आहे, शोभा. महिनोन्‌महिने तिच्या अंगावरून जातं, चेहरा पांढराफटक पडलाय. गोळ्यांनी थांबेना म्हणून डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. परवा ती आमच्याकडे आली. मी ओसरीवर, त्या दोघी आत. सुमनचा आवाज आला, "नको काढू वो माय. माणूस हातचा जाते. मी भोगून राह्यली ना!"

शोभा रडली. मग म्हणाली, "नाई काढत."

दार उघडंच होतं. चार पावलं होती. मी उठलो, चपला घातल्या आणि दुकानात जाऊन संध्याकाळपर्यंत लोकांना हसवलं.

काल सुमनने सांगितलं, शोभाने दवाखान्यात नकार कळवला. मी म्हणालो, "बरं."