फळा पुसू नये

डोंबिवली पश्चिमेच्या त्या शाळेत कुणी शिक्षक आजारी पडला, की त्याची पहिली चौकशी तब्येतीची नसे. तोच फोनवर कण्हत विचारी, "माझ्या तासाला कोण जाणार? गमरेबाई तर नाही ना?" उत्तर 'हो' आलं, की निम्मे आजारी तिथल्या तिथे बरे होत.

शालन गमरे याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, त्याला चार वर्षं झाली. निरोपसमारंभात मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेचं दार तुम्हाला सदैव उघडं आहे." असं प्रत्येकाला म्हणतात. प्रत्येक जण शाल घेतो, नारळ घेतो आणि गुमान घरी जातो. बाईंनी ते वाक्यही घेतलं.

त्यात शाळेची वेळच तशी आली. दोन जागा रिकाम्या, उरलेल्यांतले अर्धे सरकारी कामाला जुंपलेले. पर्यवेक्षक होता प्रशांत, एकेकाळी बाईंच्या हातचा मार खाल्लेला. पहाटेपासून त्याच्या मोबाइलवर रजेचे निरोप येऊन पडत. 'सर, जुलाब.' 'सर, सासरे पडले.' 'सर, जुलाब अजून थांबले नाहीत.' मग तो वेळापत्रक पुढ्यात घेऊन कुणाचा तास ऑफ आहे ते शोधत बसे. पण ऑफ तास असलेला शिक्षक हा फार चपळ प्राणी असतो. शिपाई मीराबाई बदली तासाची चिठ्ठी घेऊन जिना चढेपर्यंत तो प्रयोगशाळेच्या मागच्या दाराने पसार झालेला असतो. कुणीच हाती लागलं नाही, की प्रशांत कोपरला बाईंच्या घरी फोन लावी.

"बाई, आज जरा याल का?"

"कोण लोळतंय आज?" बाई विचारीत. साडी इस्त्री होऊन तयारच असे. पर्समध्ये खडूही स्वतःचे. शाळेचे खडू, त्यांच्या मते, शाळेसारखेच होते, कधी कुठे मोडतील सांगता येत नाही.

आता बदली तासाची एक रीत असते. दुसऱ्याच्या वर्गात जाणाऱ्याने शिकवायचं नसतं. खुर्चीत बसावं, मधूनमधून "आवाज नकोय मला" म्हणावं, आणि घंटा झाली की दोन्ही बाजूंनी सुटकेचा श्वास टाकावा. गमरेबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठवर आलंय?"

मुलं खरं बोलली. त्यांना ती खोड असतेच. दिवाळी तोंडावर आलेली आणि दीप्ती मॅडमचा भूगोल तिसऱ्या धड्यात रुतलेला. बाईंनी तो धडा तपासला, म्हणजे मुलांना प्रश्न विचारून भुगा केला, आणि जाताना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'धडा तिसरा कुणालाही समजलेला नाही. पुन्हा शिकवावा. शा. गमरे.' खाली दोन रेघा मारून: 'फळा पुसू नये.'

दुसऱ्या दिवशी दीप्ती मॅडम लालबुंद. "माझ्या वर्गात येऊन माझीच तपासणी करता?"

"तुझ्या वर्गात नाही गं," बाई म्हणाल्या, "तुझ्या रजेत."

पण सगळ्यांत खोल जखम झाली ती गुणाजी म्हात्रेंना. म्हात्रे सर चित्रकलेचे. त्यांच्या तासाला बाईंनी सरळ गणित घेतलं आणि फळ्यावर लिहून ठेवलं: 'चित्रकलेच्या तासाला अपूर्णांक घेतले. तास फुकट गेला नाही.'

म्हात्रे सर मूळचे खाडीकाठचे. एरवी पुस्तकी बोलत, पण रागावले की गाव बाहेर येई, आणि आवाज या काठावरून त्या काठावर ऐकू जाई. स्टाफरूममध्ये त्यांनी बाईंना गाठलं. "ओ बाई! माझा तास म्हंजे एस्टीतली सीट हाय काय? टाकला रुमाल नि बसलात!"

"सीट रिकामीच दिसली मला."

"आता मी मेलो तरी रजा घेनार नाय!"

हे त्यांचं एकट्याचं वाक्य राहिलं नाही, अख्ख्या स्टाफरूमची ती शपथ झाली. माणसं ताप अंगावर काढून येऊ लागली. दीप्ती मॅडम मुरगळलेला पाय घेऊन जिना चढल्या, आणि जुलाबवाले सर बाथरूमच्या शेजारचा वर्ग मागून घेऊन शिकवू लागले. हजेरी अशी भरली की मुख्याध्यापकांनी प्रशांतची पाठ थोपटली.

फक्त कोपरचा फोन वाजेनासा झाला.

पहिला आठवडा बाईंना वाटलं, प्रशांतचा मोबाइल बिघडला असावा. मग वाटलं, आपला. मुलगा आणि सून उजाडताच बाहेर पडत. सून रसिकाचं ऑफिस घोडबंदर रोडला, तिथल्या ट्रॅफिकच्या आधी पोचायचं तर चहाही उभ्याने. मागे उरत त्या बाई, इस्त्रीची साडी आणि मुका फोन. शेवटी त्यांनी सोसायटीचा नोटीस बोर्ड धरला. 'उद्या पाणी येणार नाही' याखाली लाल शाईत आलं: 'उद्या म्हणजे कधी? तारीख घालून पुन्हा लिहावे.'

"आई," रसिका एकदा म्हणाली, "सेक्रेटरी विचारत होते, तुमची शाळा परत कधी सुरू होतेय?"

"त्याचं ऱ्हस्वदीर्घ सुधारलं की."

"चिडू नका. पण सगळे तुम्हालाच भिऊन ठणठणीत झालेत ना? मग तुम्हाला बोलावणार कशाला?"

बाईंनी इस्त्रीची साडी उचलून कपाटात ठेवून दिली. रसिकाला त्याचीच जास्त काळजी वाटली.

पुढच्या सोमवारी बाईंनी आपणहून फोन लावला. "प्रशांत, कुणी आजारी नाही का रे?"

"नाही बाई. सगळे बरे आहेत."

"असं कसं? एवढी साथ चालू आहे बाहेर." मग बाईंनी आवाज खाली आणला. "त्यांना सांग, मी फळ्यावर काही लिहिणार नाही. खुर्चीत बसून राहीन."

प्रशांतने घाबरत घाबरत ते स्टाफरूममध्ये सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. म्हात्रे सर तेवढे सावरून बसले. "लिहिणार नाही काय? ठीक. मग चित्र काढू दे."

गुरुवारी सकाळी फोन वाजला. बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला आणि आवाज मुद्दाम आळसावलेला ठेवला. "कुणाचा तास?"

"म्हात्रे सरांचा. नववी क. पण बाई, त्यांनी काम ठरवून दिलंय. चित्रकलेची ग्रेड परीक्षा जवळ आलीय, तर स्मरणचित्र घ्यायचं. विषय, रिक्षा स्टँड. आधी तुम्ही फळ्यावर काढून दाखवायचं, मग मुलांनी. गणित चालणार नाही म्हणालेत."

"सूड आहे हा."

"हो बाई."

"येते."

जन्मभर भूमिती शिकवलेल्या हाताने रिक्षा निघेल, असा बाईंचा हिशेब होता. रोज बसतो तिच्यात, त्यात काय मोठं. त्यांनी एक रेघ मारली, मग दुसरी, मग टप. वर्ग श्वास रोखून पाहत होता. रेघा सगळ्या सरळ होत्या, रिक्षा मात्र कुठेच नव्हती.

पहिल्या बाकावरच्या समीक्षाने हात वर केला. "बाई, ही इस्त्री आहे का?"

"रिक्षा आहे!"

"मग तिसरं चाक कुठंय?"

"पलीकडच्या बाजूला आहे. इथून दिसत नाही."

"पण बाई, ते तर पुढे असतं!"

आणि नववी क हसली. गमरेबाईंच्या वर्गात आजवर कुणी खोकलं नव्हतं, तिथे मुलं बाक बडवून हसली. बाईंची कानशिलं तापली. उद्या म्हात्रे हे बघणार, स्टाफरूम बघणार, आणि मग कसला फोन आणि कसलं काय. त्यांनी डस्टर उचललं.

"बाई," समीक्षा म्हणाली, "फळा पुसायचा नसतो ना?"

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी मुलगी असती तर तिने शाळा बदलली असती. मग डस्टर खाली ठेवलं, पर्स उचलली आणि घंटेची वाट न पाहता त्या निघाल्या.

शुक्रवारी अख्खी स्टाफरूम नववी क मध्ये लोटली. महिनोन्‌महिने साठलेलं हसू लोकांनी तिथे मोकळं केलं. म्हात्रे सर मात्र हात मागे बांधून त्या इस्त्रीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी लाल खडू मागितला आणि खाली लिहिलं: 'तिसरे चाक चुकले आहे. रिक्षा नीट पाहून पुन्हा काढावी. गु. म्हात्रे. फळा पुसू नये.'

हात झटकून ते प्रशांतला म्हणाले, "पुढच्या गुरुवारी माझी रजा मांड."

"सर, अहो, तुम्ही मेलो तरी रजा घेणार नाही म्हणाला होतात!"

"ते ती तपासायची तेव्हा. आता मी तपासतोय. सोडतो काय!"

मागून दीप्ती मॅडम हळूच पुढे आल्या. "सर, त्यांना नकाशा पण काढायला लावता येईल का?"

प्रशांतने संध्याकाळी कोपरला फोन करून शेरा जसाच्या तसा वाचून दाखवला.

"पुन्हा काढावी, असं लिहिलंय?"

"हो बाई. गुरुवारी."

"आगाऊ आहे मेला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग पर्स घेऊन जिना उतरल्या आणि थेट कोपर स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर पोचल्या. रांगेतल्या पहिल्या रिक्षात मागे तिघं बसली होती, एक पुढे ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, तर समोर, बरोबर पुढच्या चाकासमोर, गमरेबाई कमरेवर हात ठेवून वाकलेल्या.

"ओ काकी, बाजूला व्हा ना! भरलीय गाडी!"

"गप रे," बाई म्हणाल्या. "हलवू नकोस. चाक बघतेय मी."