बापाचं काम
आमचे भावोजी शाळाशाळांतून वयात येणाऱ्या पोरांची मनं मोकळी करत फिरतात म्हणे! घरातलं भांडण नाटकात दाखवायचं, मग पोरांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून उठायचं आणि एखाद्याची भूमिका घेऊन ती आपल्या पद्धतीने करायची. परवा स्वारी स्वतःच्याच लेकीच्या वर्गात गेली. माझी भाची उठली, ‘थांबा’ म्हणाली आणि बापाच्या खुर्चीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. मुलाचं काम करणारे भावोजी चारदा ‘बाबा, बाबा’ म्हणाले, तिने मान वर केली नाही.

घरी ताईने विचारलं, “कसं झालं?”

मोबाइलवरची नजर न काढता महाशय म्हणाले, “पोरीला अभिनयातलं ओ की ठो कळत नाही. असा बाप असतो का कुठे?”