उलटी पोती

९ डिसेंबर २००३. सकाळचं पहिलं काम म्हणजे सतरा पोती उलटी करणं.

आमच्या शाळेत बाकं नव्हती. सेनगाव तालुक्यात साखरा गावाच्या बाजूचं लहान खेडं, चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. मुलं बसायला घरून खताचं रिकामं पोतं आणत. इंग्रजी पहिलीपासून सुरू झालेलं होतं, पण पाठ्यपुस्तक सोडलं तर गावात इंग्रजीचा कागद नव्हता. पोत्यांवर मात्र भरपूर इंग्रजी छापलेलं होतं. मी तेच वापरायला घेतलं. शेवटच्या तासाला फळ्यावर तीन अक्षरं लिहायची आणि ती तिन्ही ज्यात आहेत असे शब्द मुलांनी आपापल्या बुडाखालून शोधून वहीत उतरवायचे. मुलं पोत्यांची अदलाबदल करत, भांडत, पण शोधत.

त्या दिवशी शाळेची निवड चाचणी होती. हाच खेळ तालुक्याला स्पर्धा म्हणून होणार होता आणि प्रत्येक शाळेतून एकच मूल जाणार होतं. शब्दात जितकी अक्षरं तितके गुण. कोणी खालचं बघून लिहू नये म्हणून मी सगळी पोती आतली बाजू बाहेर करून अंथरली.

तालुक्याला नंबर आलेल्यांना पाचवीसाठी वसतिगृहात जागा, असं स्पर्धेच्या पत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, आईबाप मजुरीला जाणारे. आईनं मला दिवाळीतच सांगून टाकलं होतं, "म्याडम, चौथी झाली की बस झालं. पाचवीला एवढ्या लांब एकटं लेकरू कोण धाडंल?"

"वसतिगृह मिळालं तर?"

"मंग धाडू. मंग काहून न्हाई?"

म्हणजे त्या पोरीची पाचवी या चाचणीवर होती. दुसरा रस्ता नव्हता.

फळ्यावर मी आर, ई आणि ए लिहिलं. पोरीनं पाटीभर शब्द लिहिले. युरिया होता, नायट्रेट होतं, मार्केटेड होतं. शेवटी ग्रॅन्युलेटेड, दहा अक्षरी. दुसऱ्या नंबरवर हेडमास्तर ज्यांच्या घरी भाड्यानं राहात त्यांची मुलगी आली. वॉटर, ब्रेड, रीड, असे तिचे शब्द, नीट पाठ केलेले. फरक नऊ गुणांचा.

हेडमास्तर दुपारी केंद्रशाळेतलं काम उरकून आले. पाट्या बघितल्या आणि म्हणाले, "ही पोरगी बघून लिहून राहिली होती."

"पोती उलटी होती, सर."

"मी कुठं बघितली?"

"तुम्ही होतात कुठं बघायला?"

त्यांनी पोरीला पुढं बोलावलं. "हा शेवटचा शब्द वाच."

पोरगी म्हणाली, "जी, आर, ए, एन, यू..."

"अक्षरं नको. वाच."

तिला येईना. खरं तर मलाही तो शब्द मोठ्यानं म्हणताना चाचपडावं लागलं असतं.

"जो वाचता येत न्हाई तो शब्द कसला? अर्थ काय याचा?"

"पोत्यावर हाय, सर," पोरगी म्हणाली.

"पोत्यावर कंपनीचं नावबी असतंय."

इथं ते बरोबर होते, आणि ही चूक माझी होती. पोत्यावर छापलंय म्हणजे खरं इंग्रजी, असं मीच मुलांना सांगून ठेवलं होतं. पोरीनं एका खत कंपनीचं नावही शब्द म्हणून लिहिलं होतं. त्यावर मी आधीच काट मारली होती आणि त्याचे गुण धरले नव्हते. पण त्या एका काटेच्या आधारानं सरांनी ग्रॅन्युलेटेडही खोडला. दहा गुण गेले. घरमालकांची मुलगी एका गुणानं पुढं गेली.

मी म्हणाले, "डिक्शनरी काढा. असेल तर असेल, नसेल तर मी गप्प बसते."

डिक्शनरी शाळेत होती. पण ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत चढलेली, म्हणून कपाटात कुलपात. पृथ्वीचा गोल, मोजपट्ट्या, रंगीत तक्ते, सगळं तिथंच. मी तिथं तीन वर्षं होते आणि ते कपाट फक्त तपासणीच्या दिवशी उघडलेलं पाहिलं होतं.

"फाटलं, हरवलं तर जबाब मला द्यावा लागतो, मॅडम. तुमचं काय? तुम्ही बदली घेऊन जाल."

"एक पान बघायचंय."

"आज पान, उद्या पुस्तक. निकाल झाला. उद्या फॉर्म भरा आणि पाठवा."

"कोणाच्या नावानं?"

"सांगितलं न." किल्ली खिशात टाकून ते गेले.

पोरगी दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "म्याडम, मी खोटं लिव्हलं का?"

"माहीत नाही. उद्या बघू," मी म्हणाले. खोटा धीर द्यायची मला सवय नाही.

मी सेनगावला राहायची. दुसऱ्या दिवशी तिथून पहिल्या जीपनं निघाले आणि शाळा भरायच्या तासभर आधी पोहोचले. खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. घंटा वाजवायची लोखंडी सळई घेतली, कपाटाच्या कोयंड्यात घातली आणि पिरगाळली. दुसऱ्या हिसक्याला कोयंडा कुलपासकट खाली आला. डिक्शनरी आलेल्या दिवसाच्याच प्लॅस्टिकमध्ये होती. शब्द सापडला. दाणेदार केलेलं, असा अर्थ होता. त्या पानात खडू ठेवून पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं.

डेडस्टॉक रजिस्टरही त्याच कपाटात होतं. त्यात मी लिहिलं, कपाटाचा कोयंडा मी तोडला, कारण डिक्शनरी बघायची होती, वस्तू सर्व जागेवर आहेत. खाली सही केली. मग पोरीच्या नावानं फॉर्म भरला आणि सळई जागेवर नेऊन घंटा दिली.

प्रार्थनेनंतर सर आत आले. कोयंडा बघितला, रजिस्टर वाचलं, पुस्तकाकडे मात्र बघितलं नाही.

"मी वर कळवणार."

"कळवा. कपाट तीन वर्षं का बंद होतं तेही लिहा. नसता मी लिहिते."

मी फॉर्म पुढं सरकवला. त्यांनी सही केली आणि फॉर्म घडी घालून खिशात घालायला लागले.

"द्या इकडं," मी म्हणाले. "मी स्वतः देऊन येते."

अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज त्यांच्या समोर ठेवला, फॉर्म पर्समध्ये घातला आणि केंद्रशाळेकडे जाणारी जीप पकडली.