बायजाची उघाडी

काल वैशाखाची अवस झाली, म्हणजे आज उधाण एकच्या सुमाराला भरणार. हे कळायला बायजाला पंचांग लागत नाही. तेवीस वर्षं ती उघाडीवर आहे. खाडीच्या बांधात एक दगडी तोंड आहे, आठ जाड फळ्यांनी बुजवायचं, त्याला म्हणायचं उघाडी. भरतीला फळ्या टाकल्या की खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला काढल्या की डोंगराकडून आलेलं गोडं पाणी खाडीत निघून जातं. पावसाळ्याचे चार महिने रोज दोनदा हीच उठाठेव. आधी सासरा करायचा, मग नवरा. नवरा गेला तसा फळ्या काढायचा लोखंडी आकडा बायजाच्या हातात आला. कुणी दिला नव्हता, तिनंच उचलला. पाड्यातले बाप्ये चार दिवस फिदीफिदी हसले. पाचव्या दिवशी त्यातलाच एक शेत बुडायला लागलं म्हणून "वयनी, उघाडी काढता का?" म्हणत दारात उभा.

आज मात्र पाण्याचं नाव कुणी काढणार नव्हतं. आज जमीन बघायला येणार होते.

चांदीपच्या अलीकडे हायवेचा जो नाका आहे तो मोडून तिथं मोठा इंटरचेंज व्हायचा होता. वर पूल, चार बाजूंनी गोल फिरून चढणारे रस्ते, आणि त्या रस्त्यांखाली वीस वीस फूट मातीचा भराव. त्यातला एक वळसा नांदणपाड्याच्या शेतांवरून जाणार. आज स्थळपाहणी, मग पंचनामा, मग नकाशा कायम.

आणि त्या नकाशात नाळ नव्हती.

नाळ म्हणजे डोंगरचं पाणी हायवेखालच्या जुन्या मोरीतून घेऊन, शेतांच्या मधून, उघाडीपर्यंत आणणारी चर. दोन पुरुष रुंद, कमरेएवढी खोल. ती नकाशात नाही म्हणजे भरावाखाली तिला वाट नाही. वाट नाही म्हणजे डोंगर उतरलेलं सगळं पाणी हायवे आणि भरावाच्या बेचक्यात अडकणार, आणि तिथं पाड्याची एकवीस घरं. मागच्या साली नुसत्या एका गोडाऊनच्या भरावानं पाणी तुंबलं, तर घराघरांत मांड्यांपर्यंत चढलं होतं.

नाळ नकाशात का नाही, हे पाड्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत. पन्नासेक वर्षांमागं मोजणीवाले आले होते. नाळ धरली तर तेवढी जागा उताऱ्यातून जाईल म्हणून आदल्या दिवशी अख्ख्या पाड्यानं नाळ बुजवली. वर पेंढा पसरला, पेंढ्यावर माती, मातीवर नांगर फिरवला. मोजणीवाल्यांनी सलग शेत लिहून घेतलं, ताडगोळे खाल्ले आणि गेले. दुसऱ्या दिवशी नाळ परत उकरली. बायजा तेव्हा नवी नवरी, सोळा वर्षांची. मातीच्या पाट्या तिनंही वाहिल्या होत्या. पुढं कित्येक वर्षं लग्नाकार्यात ही गोष्ट सांगून लोक पोट धरून हसायचे.

आठ दिवसांमागं मारुतीच्या देवळात मीटिंग झाली, तेव्हा कुणी हसलं नाही. रिक्षावाला विकी म्हणाला, "होव दे ना, नाक्यावर तास तास सडतंय आमी." कुणी म्हणालं, जमीन द्यायचीच नाय. मग रामनाथ उठला. रामनाथ बायजाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. दोन टर्म ग्रामपंचायतीत होता, त्यामुळं आवाज अजून खुर्चीतलाच.

"रस्ता होनार. आपल्याला इचारून होत नाय," तो म्हणाला. "पन मोबदला उताऱ्यावर मिळतो. नाळ हाय बोललात तर तेवढी जागा कापतील, पुन्ना पयल्यापासून मोजनी लावतील, आनि नातवांच्या लग्नापर्यंत पैसा येनार नाय. कोनी तोंड उघडायचा नाय."

बायजानं उघडलं. "भावजी, पान्यानं कुठं जायाचा?"

"सरकार बघील."

"सरकारचा घर हाय का पाड्यात?"

दोघं तिघं खुसखुसले. पण हात वर झाले ते रामनाथच्या बाजूनं.

सकाळी निघताना हितेशनं आईला उंबऱ्यावरच अडवलं. हितेश विरारच्या एका औषधाच्या कंपनीत सुपरवायझर. "आये, आज गप ऱ्हा. पाच पन्नास लोकांच्या पोटावर पाय देऊ नको."

"पाय मी नाय देत, पानी देनार."

"बघ, बोलतेस परत!"

अकराच्या उन्हात गाड्या आल्या. तलाठी, दोन मोजणीवाले, आणि इंजिनीअर म्हणून एक पोरगी, सुरुची. डोक्याला टोपी, पायात चिखलाचे बूट, चिखल नसताना. त्यांच्यासोबत विरारच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सचे सेक्रेटरी श्रीरंगराव, बँकेतून रिटायर, हातात दोनशे सह्यांचं निवेदन. "आमच्या सोसायटीचा पूर्ण पाठिंबा आहे मॅडम. रोज तीन तास रस्त्यात जातात. लवकर करा."

बायजा पुढं झाली आणि थबकली.

नाळ नव्हती.

मोरीच्या तोंडापासून रामनाथच्या पट्टीपर्यंत, जिथून भरावाचे लाल खुंट गेले होते, तेवढा तुकडा सपाट. वर पेंढा, त्यावर माती, त्यावर ट्रॅक्टरचे दात. मोरीच्या तोंडावर करवंदीच्या फांद्या टाकलेल्या, कुंपण घालावं तशा. जुनीच युक्ती, रातोरात केलेली, नुसती पाट्यांच्या जागी जेसीबी. तिनं रामनाथकडं बघितलं. रामनाथ मोजणीवाल्याला थंडा देत होता.

"मॅडम, हितून नाळ जाते," बायजा म्हणाली.

सुरुचीनं नकाशा उलटा सुलटा केला. "कुठून, मावशी?"

"तुमी उभ्या हाव तिथून."

सुरुचीनं बुटाखालची जमीन बघितली. तलाठी उतारा चाळून म्हणाला, सलग भातजमीन. रामनाथ प्रेमानं हसला. "वयनीचा वय झाला. उघाडीवर ऱ्हाऊन ऱ्हाऊन तिला सपनात पन पानी दिसते."

सगळे हसले. हितेशनं मान खाली घातली.

"मावशी, रेकॉर्डवर नाही, जागेवर दिसत नाही. मी लिहू कशावरून?" सुरुची काही वाईट बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "जेवणानंतर पंचनामा करून दोनला निघायचंय आम्हाला."

बायजानं सूर्याकडं बघितलं. बारा वाजत आले होते. ती वळली आणि बांधाच्या वाटेला लागली.

उघाडीवर पोचली तेव्हा खाडी फुगून आली होती. बाहेरच्या अंगाला पाणी फळ्यांना धडका देत होतं, आत नाळ कोरडी ठक्क. बायजानं पदर खोचला, आकडा घातला आणि पहिली फळी उचलली. पाणी उडी मारून आत आलं.

उघाडीच्या आतल्या अंगाला पहिलं शेत तिचंच. सगळ्यांत सखल. पंधरा दिवसांमागं तिनं तिथं राब भाजला होता. शेण, पातेरा, कवळ जाळून जमीन काळीभोर करून ठेवलेली, पाऊस पडला की भात पेरून रोपं काढायची. खारं पाणी त्यावरून गेलं की संपलं. यंदा रोप नाही, म्हणजे भात नाही. पुढल्या सालचाही भरवसा नाही. तिनं राबाकडं एकदा बघितलं आणि दुसरी फळी काढली.

पाचवीला हितेश धावत आला. "आये! राब! आपला राब हाय खाली!"

"मना माहीत हाय."

"डोका फिरला काय तुझा?"

"बाजूला हो."

सहावी फळी फुगून अडकली होती. बायजानं जोर केला तसा तिचा पाय शेवाळावर सरकला. हितेशनं झडप घालून एका हातानं तिचा दंड धरला, दुसऱ्यानं फळी. दोघांनी मिळून ती उपटली. "तू पडशील म्हनून धरली," तो धापा टाकत ओरडला. "मना कबूल हाय म्हनून नाय!"

"बरा. आथा सातवी धर."

उघाडीच्या कोनाड्यात तुसाची गोणी कायम असते. फळीतून पाणी कुठं झिरपतंय ते बघायला थोडं तूस टाकायचं. तूस जिकडं ओढलं जाईल तिकडं भोक. बायजानं अख्खी गोणी नाळेत उपडी केली. सोनेरी तूस पाण्याच्या तोंडावर बसलं आणि आत निघालं. ती काठाकाठानं चालू लागली. पाणी डावीकडं सांडलं, तिच्या राबात शिरलं, काळ्या राखेचे लोट वर आले. ती थांबली नाही. पाणी तिच्याच चालीनं चाललं होतं.

पंचनाम्याला खुर्च्या टाकल्या होत्या तिथं आधी तूस पोचलं.

"अरे, हे काय?" श्रीरंगरावांनी बूट उचलले.

पाणी बुजवलेल्या तुकड्यापाशी येऊन अडलं. रामनाथचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. सगळे बघत राहिले. मिनिट गेलं, दुसरं गेलं. पाणी नुसतंच चढत होतं. मग कालच्या मातीचा रंग बदलला. ती काळी झाली, मधोमध खचली, खालचा पेंढा बुडबुडे काढत वर आला, आणि पाणी त्या वाटेनं सरळ, रेघ ओढल्यासारखं, खुंटांच्या मधून हायवेकडं गेलं. करवंदीच्या फांद्या उचलल्या गेल्या. मागं मोरीचं तोंड उघडं पडलं.

हायवेवरून एक ट्रेलर हॉर्न मारत गेला.

"ही नाळ," बायजा म्हणाली. "आमीच बुजवली होती, मोजनीच्या वक्ताला. मी सोता पाट्या उचलल्या. काल पुन्ना बुजवली."

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर आनतेस?" रामनाथ कडाडला. "लाज नाय वाटत? पोराचा तरी बघ!"

"पोराच्या राबावरून पानी घालूनच आलेय, भावजी."

श्रीरंगराव मोरीकडं बघत होते. हळूच म्हणाले, "आमच्या पार्किंगमध्ये दर जुलैला गाड्या बुडतात. बिल्डर सांगायचा, इथं नालाच नव्हता." त्यांनी निवेदनाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

सुरुची गुडघ्यावर बसून फोटो काढत होती, खुंटापासून टेपनं मापं घेत होती. उठली तेव्हा टोपी काढली. "मी लिहिते. पण लिहिलं तर उताऱ्यातलं क्षेत्र कमी होणार, हे मान्य असल्याची खातेदारांची सही लागेल. किमान दोन खात्यांची. नाहीतर वरचे हा कागद बाजूला ठेवतील."

बायजानं पेन घेतलं आणि सही केली. सावकाश, एकेक अक्षर. पेन पुढं धरलं. घ्यायला हात येईना. विकीनं फोन बघितला. कुणी चप्पल झटकली. रामनाथ हाताची घडी घालून उभा होता, डोळे प्रत्येकावरून फिरत होते.

"आन इकडं."

बायकांच्या घोळक्यातून यमुना पुढं आली. रामनाथची बायको. पायानं अधू, काठी टेकत.

"तुझा काय काम हितं?" रामनाथ म्हणाला.

"मोरीकडचा तुकडा माझ्या बापानं मना दिला. उतारा माझे नावावर हाय." यमुनानं पेन घेतलं. "मागच्या साली पानी भरला तवा तुमी पंचायतीत होता. मना टेबलावर पलंग, पलंगावर मी, अशी रातभर बसवली पोरांनी. साप तरंगत जेला पायाखालून. पुन्ना नाय बसनार मी."

तिनं सही केली. रामनाथ तरातरा गाडीकडं निघाला, गाडी आपली नाही हे लक्षात येऊन वळला आणि शेतातून चालत गेला.

संध्याकाळी ओहोटीला सगळं पाणी बाहेर पडलं. बायजा राबात उतरली, बोटावर माती घेऊन जिभेला लावली आणि थुंकली.

"खार जायाला किती?" हितेशनं विचारलं.

"दोन पावसाले. तीन पन लागतील."

"आनि त्यांनी मोरी नाय ठेवली तर?"

"मंग त्यांचे हाफिसात जाऊन बसू. सही हाय माझी."

रात्रीच्या भरतीआधी फळ्या टाकायला हव्या होत्या. हितेश एका टोकाला, ती दुसऱ्या. सात बसल्या. आठवी बसवताना बांधावर कुणीतरी येऊन उभं राहिलं. रामनाथ. तो खाली उतरला नाही.

"तिरकी बसली ती," तो म्हणाला.

"माहीत हाय," बायजा म्हणाली, आणि फळी परत उचलली.